एक कुडूसाठी, एक बफेलोसाठी: आफ्रिकेतल्या मिश्र शिकारीला रायफलींची जोडी कशी निवडावी

झिंबाब्वेत झांबेझीच्या खोऱ्यात पहाटे केप बफेलोचा, म्हणजे आफ्रिकन रानम्हशीचा, ताजा माग सापडला की एक रांग चालू लागते. मागकाढे पुढे, त्यांच्या मागे व्यावसायिक शिकारी, त्याच्या मागे पाहुणा. कधी तासभर, कधी चार तास. मध्येच मोपाने झाडांच्या आडून पीळदार शिंगांच्या कुडू हरणाचा नर बाहेर येतो आणि ऐंशी मीटरवर आडवा उभा राहतो. तोही परवान्यावर आहे. बफेलो जवळपास असतील तर व्यावसायिक शिकारी नकाराची मान हलवेल, कारण एका बारानं सगळा कळप उधळेल. माग थंडावलेला असेल तर तो रायफल टेकवायचं तीन काठ्यांचं तिकाटणं उभं करून खूण करेल. त्या क्षणी तुमच्या हातात जी रायफल आहे तिच्यावरच सगळं. दुसरी रायफल गाडीत आहे, आणि गाडी कित्येक किलोमीटर मागे राहिली आहे.

जोडी निवडताना बहुतेक जण कागदावर दोन रकाने पाडतात: मोठ्या जनावरांना मोठी रायफल, लहानांना लहान. कागदावर हे बरोबर दिसतं, पण झाडीत जनावरं रकान्यांप्रमाणे भेटत नाहीत. म्हणून माझं म्हणणं असं की जोडीतल्या दोन्ही रायफलींची कामं एकमेकींत भरपूर मिसळलेली हवीत. मोठीनं कुडूही सहज मारता यावा, आणि लहानीनं बफेलो सोडून बाकी सगळं. शिवाय दोन्ही हाताला अगदी सारख्या लागायला हव्यात. पुढचं सगळं विवेचन या दोन अटींभोवतीच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. आफ्रिकेत मात्र प्रत्येक देशाची वाट वेगळी आहे. केनियानं १९७७ साली शिकार बंद केली ती आजही बंद आहे. बोट्स्वानानं २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिंबाब्वे, झांबिया, मोझांबिक, टांझानिया या देशांत ती परवान्यानं, ठरावीक कोट्यात चालते. तिकडे किंवा अमेरिका-ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आणि कायदेशीर शिकार करणाऱ्या मराठी माणसांसमोर हा प्रश्न प्रत्यक्ष येतो. इथल्या वाचकाला निदान त्यामागचा हिशेब कळावा. शिकारीबद्दल कुणाचं मत काहीही असो, बार झालाच तर जनावर लगेच पडलं पाहिजे, तासन्‌तास रक्त सांडत फिरता कामा नये. रायफलीची निवड हा शेवटी याच जबाबदारीचा भाग आहे.

जनावरं किती वेगवेगळी

मिश्र शिकार म्हणजे एकाच सफरीत धोकादायक जनावर, बहुधा बफेलो, आणि सोबत मैदानी जनावरं: इंपाला, कुडू, झेब्रा, विल्डबीस्ट, वॉर्टहॉग, जेम्सबॉक, ईलँड. स्प्रिंगबॉक तीस-चाळीस किलोचा. इंपाला नर पन्नास-साठचा. कुडू नर दोनशेच्या पुढे, अडीचशेपर्यंत. झेब्रा तीनशेच्या आसपास. ईलँडचा जुना नर सात-आठशे किलोचा, म्हणजे वजनात बफेलोच्या बरोबरीचा, पण स्वभावानं भित्रा. बफेलो नर सहाशे ते आठशे किलो. आपला गवा त्याच्याहून भारी असतो, पण जखमी बफेलो उलटून दाट झाडीत दबा धरतो आणि मागावर आलेल्या माणसाची वाट पाहतो, अशी त्याची ख्याती आहे. व्यावसायिक शिकारी त्याच्याबाबत कसलाही ढिलेपणा खपवून घेत नाहीत तो याचसाठी.

अंतरंही वेगळी. झांबेझीच्या किंवा लिंपोपोच्या झाडीत बहुतेक बार चाळीस ते दीडशे मीटरवर होतात. बफेलो तर पन्नास मीटरच्या आतच गाठायचा असतो. उलट नामिबियाच्या उघड्या माळावर किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या कारूमध्ये स्प्रिंगबॉक अडीचशे मीटरच्या आत येऊच देत नाही. सफर नेमकी कुठल्या भागात आहे हे कळल्याशिवाय रायफलींचं बोलणं फुकट आहे.

कायद्याची पायरी

धोकादायक जनावरांसाठी रायफल किती ताकदीची हवी हे बऱ्याच देशांत कायद्यानंच ठरवलेलं आहे. नामिबियात मोजमाप नळीतून निघताना गोळीत असलेल्या ऊर्जेचं, ज्यूलमध्ये. स्प्रिंगबॉकला किमान १,३५० ज्यूल. कुडू, जेम्सबॉक, विल्डबीस्ट, ईलँड यांना २,७००. बफेलो, हत्ती, पाणघोडा यांना ५,४००. झिंबाब्वेत ऊर्जेबरोबर गोळीची जाडीही पाहतात: बफेलो आणि हत्तीसाठी किमान ९.२ मिलिमीटर आणि ५,३०० ज्यूल, तर कुडू-झेब्र्याच्या गटाला ७ मिलिमीटर आणि ३,००० ज्यूल. टांझानियात धोकादायक जनावरांना .३७५ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीची आतली रुंदी, इथं इंचात) खाली परवानगी नाही.

ऊर्जेचा हिशेब शाळेतलाच: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. काडतुसाच्या डब्यावर गोळीचं वजन ग्रेनमध्ये छापलेलं असतं. साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. आता .३०-०६ घ्या. तिची १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं निघते. ऊर्जा झाली ३,९०० ज्यूलच्या आसपास. कुडू, जेम्सबॉक, ईलँडसाठी नामिबियाच्या कायद्यात आरामात बसली, बफेलोसाठी नाही. .३७५ एच अँड एच मॅग्नमची ३०० ग्रेनची गोळी १९.४ ग्रॅमची, वेग ७७० मीटरच्या जवळ. ऊर्जा सुमारे ५,८००. बफेलोची पायरी पार. .४१६ रिग्बीची ४०० ग्रेनची गोळी ७३० मीटरच्या वेगानं ६,९०० पर्यंत जाते.

कडेची उदाहरणं जास्त शिकवतात. .२४३ विंचेस्टरचं नेहमीचं १०० ग्रेनचं काडतूस साधारण २,६५० ज्यूलचं. नामिबियात त्यानं स्प्रिंगबॉक मारता येईल, कुडू नाही. जर्मन वसाहतींत नावाजलेली ९.३×६२ ही १९०५ मधली फार चांगली रायफल, पण तिचं नेहमीचं कारखानी काडतूस ४,८०० ज्यूलच्या आसपास राहतं, म्हणजे नामिबियात बफेलोला कमी. जुन्या शिकाऱ्यांच्या आठवणी वाचून रायफल ठरवली आणि आजचा कायदा पाहिलाच नाही, तर गडबड होते ती अशा ठिकाणी.

ऊर्जेच्या पुढे: गोळी आत जाऊन काय करते

ज्यूलचा आकडा फक्त दारात उभं राहू देतो. जनावर पडतं ते गोळी हृदय-फुफ्फुसापर्यंत पोहोचली आणि तिथं पुरेसं रुंद भोक पाडलं म्हणून. याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण डब्ल्यू. डी. एम. बेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व आफ्रिकेत या स्कॉटिश माणसानं हजाराहून जास्त हत्ती मारले, आणि त्यातले पुष्कळ .२७५ रिग्बीनं, म्हणजे ७×५७ माउझरनं. ही रायफल आज हरणांसाठी वापरतात. बेल लांब, न पसरणारी गोळी वापरायचा, आणि हत्तीच्या कवटीची रचना त्यानं चिरून अभ्यासली होती. त्याच्या नावाचा दाखला देऊन लहान रायफलीची भलामण करणारे पुष्कळ भेटतात. पण त्यांना बेलइतकी वर्षं आणि बेलइतका सराव मिळालेला नसतो, आणि आजचा कायदा त्याची रायफल हत्तीवर चालूही देणार नाही. बेलपासून घ्यायचा धडा वेगळा आहे: गोळी खोल जायला हवी, आणि नेमक्या जागी.

खोल जाणं दोन गोष्टींवर ठरतं. एक, जाडीच्या मानानं गोळी लांब आणि जड असणं. दोन, आत शिरल्यावर तिचे तुकडे न होणं. साध्या गोळीत तांब्याच्या पातळ वेष्टनात शिसं भरलेलं असतं. इंपालाला ती पुरते. बफेलोच्या फऱ्याच्या हाडावर ती फुटून वरच्या वर थांबू शकते. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याला कॅनडात चिखलानं माखलेल्या मूस या मोठ्या हरणावर हाच अनुभव आला, आणि त्यानं गोळीच्या मधोमध तांब्याची आडवी भिंत घातली: पुढचा भाग पसरतो, मागचा अखंड राहून पुढे ढकलत राहतो. १९४८ पासून ती पार्टिशन या नावानं बाजारात आहे. नंतर शिसं वेष्टनाला वितळवून जोडलेल्या गोळ्या आल्या, मग अख्ख्या तांब्याच्या. मिश्र शिकारीला यांपैकी कुठलीही चालेल. दोन्ही रायफलींत अशीच गोळी घाला, लहानीतसुद्धा. स्वस्त गोळीत वाचलेले पैसे एका जखमी झेब्र्यावर दुपटीनं जातात, कारण आफ्रिकेत रक्त सांडलं की जनावर मिळो न मिळो, त्याची पूर्ण फी द्यावी लागते.

न पसरणारी, आरपार जाणारी गोळी ज्याला सॉलिड म्हणतात, ती हत्तीला लागतेच. बफेलोला पूर्वी पहिली पसरणारी आणि खाली मॅगझिनमध्ये सॉलिड अशी पद्धत होती. पळून जाणाऱ्या बफेलोला मागून मारावं लागलं तर सॉलिड शरीरभर जाऊ शकते, हे कारण. पण कळपात पहिलाच बार सॉलिडचा केला आणि ती पलीकडच्या मादीतही घुसली, असं होऊ शकतं. म्हणून पहिली गोळी पसरणारी, पुढच्या कुठल्या ते तुमच्या व्यावसायिक शिकाऱ्याला विचारून.

मोठी रायफल

आता निवडीकडे. मोठीचा प्रश्न आधी सोडवा, कारण कायद्यानं तीच बांधलेली आहे आणि झाडीत दिवसभर तीच हातात राहणार आहे.

.३७५ एच अँड एच लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं १९१२ साली आणली. शंभर वर्षांहून जास्त काळ ती टिकली याचं कारण तिच्या गोळीच्या वाटेत आहे. ३०० ग्रेनची गोळी दोनशे यार्डांवर नेमाला लावली तर शंभरवर ती जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर वर लागते आणि तीनशेवर सव्वीस-सत्तावीस खाली. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळीही जवळजवळ याच वाटेनं जाते. म्हणजे बफेलोला पुरणारी ही रायफल दोनशे मीटरवरच्या कुडूलाही बिनदिक्कत पुरते. लहान हरणावर ती फार नासधूस करेल अशी भीती असते. प्रत्यक्षात हलकी, अतिवेगवान गोळी जेवढं मांस खराब करते तेवढंही ही मध्यम वेगाची जड गोळी करत नाही. दूरच्या गावातल्या दुकानात काडतूस मिळण्याची शक्यताही मोठ्या बोअरमध्ये हिचीच जास्त.

.४१६ रिग्बी १९११ ची. तिचाच मार लहान आकाराच्या काडतुसात देणारी .४१६ रेमिंग्टन मॅग्नम १९८०च्या दशकाच्या शेवटी आली. बफेलोवर .४१६ चा परिणाम .३७५ पेक्षा ठळक असतो, यावर बहुतेक व्यावसायिक शिकारी सहमत आहेत. प्रश्न खांद्याचा आहे. नेहमीच्या वजनाच्या रायफलीत .३०-०६ चा जो धक्का बसतो, त्याच्या साधारण दुप्पट .३७५ चा आणि तिपटीच्या जवळ .४१६ चा. धक्क्याची भीती एकदा मनात बसली की चाप ओढण्याच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो, आणि गोळी पोटात लागते. .४५८ विंचेस्टर, .४५८ लॉट, .४७० नायट्रो एक्स्प्रेसची दुनळी, या रायफली जखमी बफेलो अंगावर आल्यावर त्याला थांबवण्यासाठी आहेत, आणि ते काम व्यावसायिक शिकाऱ्याचं आहे. त्याच्या खांद्यावर तशी असतेच. पाहुण्याचं काम पहिली गोळी नेमकी बसवणं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा सल्ला .३७५ चाच. .४१६ घ्यायची ती आधी .३७५ नं पुरेसा सराव झाल्यावर, आणि सफरीत बफेलो हाच मुख्य हेतू असेल तर.

लहान रायफल

इथं माणसं उगाच अडकतात. .३०-०६, .३०८ विंचेस्टर, ७×५७, .२७०, ७ मिलिमीटर मॅग्नम, .३०० विंचेस्टर मॅग्नम: झाडीतल्या अंतरांवर यांतली कुठलीही इंपालापासून कुडूपर्यंत चांगली आहे. तुमच्या घरी जी आधीपासून आहे आणि जिच्यावर तुमचा हात बसला आहे, तीच न्या. झिंबाब्वेत कुडूच्या गटाला ३,००० ज्यूल लागतात, तेव्हा ७×५७ ची हलकी काडतुसं त्या रेषेच्या जेमतेम खालीवर येतात. तिथं जाणार असाल तर डब्यावरचा आकडा नीट पाहून घ्या.

सफर नामिबियात किंवा कारूत असेल तर .३०० विंचेस्टर मॅग्नमला अर्थ आहे. वारा असलेल्या उघड्या माळावर तीनशे मीटरवर तिची गोळी कमी खाली येते आणि वाऱ्यानं कमी हलते. ईलँड यादीत असेल तर १८० किंवा २०० ग्रेनची कणखर गोळी घाला.

दोन रायफली, एकच सवय

१८९८ मध्ये युगांडा रेल्वेचा, आजच्या केनियातल्या त्सावो नदीवरचा पूल बांधताना दोन सिंहांनी छावणीत धुमाकूळ घातला. रेल्वेचे मजूर मोठ्या संख्येनं हिंदुस्थानातून नेलेले होते, आणि त्यांतली कितीतरी माणसं या सिंहांनी नेली. बांधकामावरचा ब्रिटिश अधिकारी जॉन पॅटरसन याला एकदा दिवसाढवळ्या एक सिंह अगदी जवळ, समोर मिळाला. त्यानं चाप ओढला आणि बार उडालाच नाही. हातात आपली नेहमीची रायफल नव्हती. जास्त ताकदीची म्हणून उसनी घेतलेली, न वापरलेली दुनळी होती. तो इतका गडबडला की दुसरी नळी शिल्लक आहे हेही सिंह पळू लागल्यावरच लक्षात आलं. पुढे डिसेंबरात त्यानं दोन्ही सिंह मारले, पण त्या दिवशी ताकदवान रायफलीचा काही उपयोग झाला नाही. दुसरी नळी विसरणं हा सवय नसण्याचा परिणाम होता.

जुनी बुलेट चालवलेल्यांना हे चटकन समजेल. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. रोज दुसरी मोटारसायकल चालवणारा माणूस तिच्यावर बसला की शांत रस्त्यावर नीट चालवतो, पण समोर म्हैस आली की पाय सवयीनं गिअरवरच जातो. दोन रायफलींच्या सेफ्टी, म्हणजे चुकून बार होऊ न देणाऱ्या कळी, वेगवेगळ्या जागी असतील तर तसंच होतं. एकीची सेफ्टी बोल्टच्या (काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागे आडवी फिरणारी, दुसरीची दस्त्यावर अंगठ्याखाली सरकणारी, आणि बफेलो तीस मीटरवर. अंगठा चुकीच्या जागी जातो.

म्हणून जोडी शक्यतो एकाच बनावटीची घ्या. दोन्ही विंचेस्टर मॉडेल ७०, दोन्ही सीझेड, किंवा दोन्ही माउझर ९८ च्या घाटाच्या. सेफ्टी तीच, चापाचा ताण साधारण तोच, दस्त्याची लांबी तीच, स्कोपची (नेम धरायच्या दुर्बिणीची) उंची तीच. बोअर वेगळा असला तरी खांद्याला लावल्यावर डोळा आपोआप काचेमागे आला पाहिजे.

बोल्टची रचना बफेलोच्या रायफलीत विशेष पाहावी. १८९८ च्या माउझरमध्ये बोल्टच्या अंगालगत एक लांब पोलादी पट्टी असते आणि तिच्या टोकाला रुंद आकडा. बोल्ट पुढे ढकलताना काडतूस मॅगझिनमधून वर उठतं, आणि उठता उठताच त्याची बुडाची कड या आकड्याखाली सरकून पकडली जाते. तिथून रिकामं कवच बाहेर फेकलं जाईपर्यंत ते सुटत नाही. दुसऱ्या प्रकारच्या बोल्टमध्ये काडतूस नुसतं पुढे ढकललं जातं आणि आकडा शेवटी, बोल्ट बंद होताना बसतो. त्या प्रकारात घाईत बोल्ट अर्धाच पुढे नेऊन परत ओढला तर पहिलं काडतूस नळीतच राहतं आणि मागून दुसरं येऊन अडकतं. इंपालावर ही नुसती चीड आणणारी गोष्ट आहे, बफेलोवर जिवावरची. पकडून नेणाऱ्या बोल्टच्या रायफलीचीही, आपल्याच काडतुसांनी भरून, जोरात, न अडखळता बोल्ट ओढून तपासणी करावी. हळूहळू, जपून ओढलेला बोल्ट अडकतो तसा जोरात ओढलेला अडकत नाही, ही सवयही तिथंच लागते.

एकाच दस्त्यावर दोन नळ्या बदलणारी रायफल, उदाहरणार्थ ब्लेझर आर८, हा या प्रश्नाचा सुटसुटीत तोडगा आहे. चाप एकच, सेफ्टी एकच, पेटी लहान. तोटा एकच, पण मोठा: दस्ता फुटला किंवा चाप बिघडला तर दोन्ही रायफली एकदम गेल्या. ज्यांना जंगलात राखीव रायफल हवी आहे त्यांच्यासाठी ही जोडी ठरत नाही.

कुठल्या जोड्या चांगल्या

बहुतेकांसाठी .३७५ आणि .३०-०६, किंवा तिच्या जागी .३०८. गोळीची वाट दोघींची जवळजवळ सारखी, त्यामुळे नेमाचा हिशेब एकच. यावर आक्षेप असा येतो की मग दुसरी कशाला, .३७५ एकटीच पुरे. एकटी पुरते हे खरं आहे. पण विमानात एक रायफल हरवली किंवा स्कोप फुटला तर सफर थांबत नाही, आणि इंपाला-वॉर्टहॉगच्या दिवशी हलक्या रायफलीनं माणूस जास्त चांगला नेम धरतो. ही जोडी पहिली निवड ठरते ती दोघींची कामं इतकी मिसळलेली आहेत म्हणूनच.

.४१६ आणि .३०० मॅग्नम ही जोडी अनुभवी शिकाऱ्यांची, जिथं बफेलो आणि उघड्या माळावरचा जेम्सबॉक दोन्ही आहेत. दुनळी .४७० आणि स्कोप लावलेली .३७५ ही तिसरी. खर्चिक, पण तिच्यात .३७५ लहान रायफल होऊन सगळं सांभाळते आणि दुनळी फक्त बफेलोच्या जवळच्या बारासाठी राहते. दुनळीचा खरा फायदा दुसरा बार बोल्ट न ओढता तत्काळ मिळतो हा.

.३७५ सोबत .२२३ किंवा .२४३ न्यायची सूचना काही जण लहान हरणांसाठी करतात. मी ती मान्य करत नाही. मोठी बिघडली तर हातात उरते ती कुडूलाही न पुरणारी रायफल.

काच

मोठ्या रायफलीवर १ ते ४ किंवा १ ते ६ पट मोठं दाखवणारा स्कोप, सरळ नळीचा. झाडीत तो नेहमी सगळ्यात कमी पटीवर ठेवायचा, कारण बफेलो दहा पटीतून पाहिला तर काचेत फक्त काळं केस-कातडं दिसतं आणि फरा कुठं ते कळत नाही. डोळा आणि काच यांत नऊ-दहा सेंटिमीटरचं अंतर हवं, नाहीतर .३७५ चा धक्का भुवई फोडतो. स्कोप झटकन काढता येणाऱ्या पकडीवर बसवा आणि खाली नळीवर साध्या नेमाची रुंद खाच नि ठळक माशी असू द्या. लहान रायफलीला ३ ते ९ किंवा २ ते १० पट पुरे.

सराव तिकाटण्यावर

आफ्रिकेत बहुतेक बार उभं राहून, तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवून होतात. मेजावर वाळूच्या पिशवीत रायफल रुतवून केलेला सराव तिथं फारसा उपयोगी पडत नाही. घरी तीन बांबू वरच्या बाजूला बांधून घ्या आणि त्यावर शंभर मीटरवर ताटाएवढ्या वर्तुळात सगळ्या गोळ्या जाईपर्यंत सराव करा. मग वेळ लावून: रायफल खांद्यावरून उतरवणं, टेकवणं, बार, बोल्ट, दुसरा बार. बफेलोवर पहिली गोळी कितीही चांगली बसली तरी तो उभा आहे तोवर गोळ्या घालत राहायच्या असतात, म्हणून दुसऱ्या बाराचा वेग महत्त्वाचा.

नेमाची जागाही बदलावी लागते. फऱ्याच्या मागे नेम धरायची सवय असलेल्यांनी लक्षात ठेवावं की आफ्रिकन जनावरांचं हृदय बरंच पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतं. आडव्या जनावराच्या पुढच्या पायाची रेषा वर घ्यायची आणि शरीराच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर थांबायचं. फऱ्याच्या मागे एक वीत गेलात तर गोळी फुफ्फुसाच्या मागच्या टोकात, किंवा पोटात.

कागद, वजन आणि छावणी

विमानात रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, कुलूपबंद कडक पेटीत. काडतुसं वेगळी, कारखान्याच्या डब्यात, आणि बहुतेक विमान कंपन्यांत एका प्रवाशाला पाच किलोपर्यंतच. .३७५ चं एक काडतूस चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं, .३०-०६ चं तीसच्या आत. चाळीस मोठी आणि साठ लहान घेतली तरी साडेतीन-चार किलोत भागतं, आणि एका सफरीला ती पुरून उरतात. काही देशांत विमान बदलतानाही वेगळा परवाना लागतो, तिकीट काढण्याआधी ते पाहा.

दक्षिण आफ्रिकेत पोलिसांचा ५२० क्रमांकाचा अर्ज भरून तात्पुरता परवाना मिळतो. एका रायफलीला २०० पर्यंत काडतुसं, एका बोअरची एकच रायफल, आणि स्वयंचलित किंवा अर्धस्वयंचलित काहीही नाही. म्हणजे दोन .३७५ ची जोडी नेण्याचा विचार इथंच संपतो. अर्जावरचा बोअर, नळीवर कोरलेला बोअर आणि काडतुसाच्या बुडावर छापलेला बोअर तिन्ही जुळले पाहिजेत. दुसऱ्या कवचापासून बनवलेली काडतुसं असतील तर बुडावर वेगळं नाव येतं आणि विमानतळावर तासन्‌तास जातात. नियम बदलत राहतात, तेव्हा सफर आखणाऱ्याकडून ताजी माहिती लेखी मागवा. हे सगळं नको असेल तर छावणीतली रायफल भाड्यानं मिळते. तशी घ्यायचं ठरलं तर तिचा बोअर, सेफ्टीचा प्रकार आणि काडतुसाचा कारखाना आधी विचारून घ्या, आणि घरी त्याच प्रकारच्या सेफ्टीवर सराव करा.

छावणीत पोहोचलात की त्याच दिवशी दोन्ही रायफलींचा नेम तपासा. प्रवासात स्कोप हलतो, आणि तो हलल्याचं बाहेरून दिसत नाही. शंभर मीटरवर गुंडाळलेल्या घोंगडीवर टेकून प्रत्येकीच्या तीन गोळ्या, मग मोठीच्या दोन तिकाटण्यावरून पन्नास मीटरवर. बाकीची काडतुसं मोजून दोन वेगळ्या पट्ट्यांत भरा, म्हणजे घाईत .३०-०६ चं काडतूस .३७५ मध्ये जाणार नाही.